खुशाली लिहिणारा हात

ये नंदिनी, या कागदावरच का होईना, अशी जवळ बस. लांबून ओरडायची ताकद आता माझ्यात राहिली नाही, आणि रागवायचं असलं की माणूस जवळच असलेलं बरं. पोरी, तुझं कार्ड मला पौषात मिळालं. धान चुरणं चालू होतं, पोस्टमन थेट खळ्यावरच आला. मी हात पदराला पुसले आणि वाचलं. ओळी किती, तर तीन. ‘बाई गेल्या. शेवटी त्रास झाला नाही. इकडे आम्ही सर्व ठीक आहोत.’ झालं, संपलं कार्ड! अर्धी जागा कोरी. अगं, तुझ्या निर्मलाबाईंजवळ तू इतकी वर्षं शिकलीस, मोठी भीती बसली की माणसाच्या मेंदूत काय होतं आणि ती कशी हलवायची यावर प्रबंध लिहितेस, आणि त्या बाई गेल्याचं कार्ड असं लिहितेस? असली कार्डं लिहायची तर मी लिहावीत. सगळ्या गावाची असली कार्डं मीच लिहीत होते, आणि त्याच्यावरूनच तर तुझ्या बाईंशी माझं नातं जुळलं. ते कसं, हे तुला त्यांनी कधी पूर्ण सांगितलं असेल असं मला वाटत नाही. आता तुझं दुसरं पत्र आलं आहे, की पेपरच्या पुरवणीला बाईंवर लेख पाहिजे, शोधाबद्दल शिकलेले लोक लिहितील, तुम्ही माणसाबद्दल लिहा. म्हणून लिहिते आहे. तू वाच, आणि पुरवणी वाचणाऱ्यांनीही वाचावं.

माझी शाळा चौथीपर्यंत. त्याच्यापुढचं सगळं मी दुकानातून आलेल्या पुड्यांच्या कागदांवर वाचलं. आमचं गाव साकोलीहून नागझिऱ्याच्या अंगाला. धानाच्या बांध्या, मागे बोडी म्हणजे लहानसा तलाव, आणि बोडीची पाळ, म्हणजे मातीचा बांध, ओलांडली की लगेच जंगल. गावातली पोरं भिलाईला, नागपूरला कामाला गेली, आणि त्यांच्या आयांची पत्रं माझ्याकडे आली. आई समोर बसून रडायची, सुनेनं भाकरी तोडून दिली नाही, डोळ्यानं दिसत नाही, बाप खाटेवरून उठत नाही, असं सांगायची. मी मान हलवायची आणि कार्डावर लिहायची, ‘इकडील सर्व खुशाल. बाबांची तब्येत जरा नरम आहे.’ मला वाटे, पोरगा दूर आहे, त्याच्या जिवाला घोर कशाला लावायचा. आयांनाही ते पटे. मी वाचून दाखवलं की म्हणायच्या, ‘बराबर लिवलं बाई, मले असंच म्हणाचं होतं.’ सगळं गाव माझ्या अक्षरात खुशाल होतं.

आणीबाणी लागली त्याच्या आदल्या वर्षी निर्मला आमच्याकडे आली. (मी तिला ‘बाई’ म्हणायची तोंडावर, पण माझ्यापेक्षा ती दहा-बारा वर्षांनी लहान, म्हणून इथे ‘ती’च लिहिते.) एस.टी.तून उतरली ती एक ट्रंक, एक टेपरेकॉर्डर आणि एक लाकडी पेटी घेऊन. डॉक्टर आली असं कळल्याबरोबर शाळेच्या पडवीत रांग लागली. कोणाचा गुडघा, कोणाचं पोट, एकानं तर लंगडणारा बैलच आणला. ती प्रत्येकाला हात जोडून सांगत होती, मी औषधाची डॉक्टर नाही, मी पीएच.डी. झाले आहे आणि आता त्याच्यापुढचं संशोधन करायला आले आहे. तेव्हा देवाजीबुवा, आमच्या गावचे सगळ्यात खवचट म्हातारे, रांगेतूनच म्हणाले, “मंग डॉक्टर झाल्यावरही शिकाचं राहूनच गेलं का वो?”

“राहिलं ना,” ती हसून म्हणाली. “आतापर्यंत उंदरांवरच काम केलं.”

“उंदरायचं काय केलं?”

“त्यांना घाबरवलं. आवाज झाला की विजेचा हलका झटका द्यायचा. मग नुसत्या आवाजालाच ते थिजून बसतात. आणि मग ते थिजणं कसं कमी होतं, ते बघायचं.”

देवाजीबुवांनी सगळ्यांकडे पाहिलं. “मंग आमच्यात तुमचं अर्धं काम झालेलंच आहे बाई. आमी आधीचेच भेलेलो आहो!”

सगळी पडवी हसली. पण ती बरोबर त्याच्यासाठीच आली होती. आमच्या भागात अस्वलानं फाडलेली, वाघानं बैल ओढून नेताना समोर असलेली माणसं गावोगाव होती. जखम भरून यायची, पण माणूस पुन्हा जंगलाच्या वाटेला जात नसे. कोणी दचकून उठे, कोणी बोलायचंच सोडून देई. आम्ही त्याला भेव बसला म्हणायचो, अंगारा लावायचो आणि सोडून द्यायचो. ती म्हणायची, हा भेव मेंदूत बसतो. एकदा मी विचारलं, मेंदूत म्हणजे कुठं, तर तिनं पाटीवर डोक्याचं चित्र काढलं आणि कानशिलाच्या आत खोल एक ठिपका दिला. बदामाएवढा भाग आहे म्हणाली. मी म्हटलं, बाई, इथं बदाम कोणी पाहिला, टोळीएवढा म्हणा. टोळी म्हणजे मोहाचं बी, दिसायला तसंच. तेव्हापासून तीही टोळीच म्हणायला लागली. तिचं म्हणणं असं, की तिथली आठवण पुसता येत नाही. पण त्याच जागी, त्याच वासात, काही वाईट न होता माणूस पुन्हापुन्हा उभा राहिला, तर जुन्या आठवणीशेजारी नवी तयार होते, आणि हळूहळू नवीचं जास्त चालतं. हे उंदरांत तिनं पाहिलं होतं. माणसांत पाहायचं होतं.

त्यासाठी ती पेटी. त्यातून दोन तारा निघत, त्या दोन बोटांना लावायच्या. माणूस घाबरला की बोटांना बारीक घाम येतो, आपल्यालाही कळत नाही इतका, आणि पेटीवरची सुई उजवीकडे सरकते. बोटांना लावायच्या तिच्या पट्ट्या पहिल्याच उन्हाळ्यात खराब झाल्या, तेव्हा तिनं भंडाऱ्याच्या कासाराकडून पितळेची दोन वेढी करून आणली. कासारानं विचारलं म्हणे, पायाची जोडवी का हाताची? ही सांगते, भीती मोजायची! त्यानं मुकाट्यानं करून दिली.

आता माझं काम. ती पुण्याची, आमची झाडीपट्टीतली बोली तिच्या कानाला अर्धीच लागायची. लोकही तिच्यासमोर बावरायचे. मला लिहिता-वाचता येतं, सगळे माझ्याशी मनातलं बोलतात, म्हणून तिनं मला दुभाषी केलं. माणूस बोलायचा, टेपरेकॉर्डर फिरायचा, आणि मी तिला साध्या मराठीत सांगायची, ती वहीत उतरवायची. दहा-बारा माणसं होती. आणि मी काय केलं असेल, सांग बरं? जे पंधरा वर्षं कार्डांवर केलं तेच. माणूस म्हणे, बायकोवर हात उगारला जातो आता. मी सांगे, जरा चिडचिड होते. माणूस म्हणे, मरून गेलो असतो त बरं झालं असतं. मी सांगे, कधीकधी उदास वाटतं. पाहुण्या बाईसमोर गावाची अब्रू... असं काहीतरी डोक्यात असेल. खोटं बोलते आहे असं एकदाही वाटलं नाही, हे मात्र खरं.

त्या दहा-बारा जणांत एक माझी नणंद होती, यमुना. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, माझ्याच घरात राहणारी. निर्मला यायच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. चैत्रात मोहफुलं गळतात. झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा काळी करून ठेवायची, म्हणजे पहाटे पडलेली पांढरी फुलं चटकन दिसतात. मोहफूल अस्वलालाही आवडतं. आमचं झाड पाळीपलीकडे शंभर-दीडशे पावलांवर. आम्ही दोघी वाकून वेचत होतो, धूर अजून निघतच होता, आणि त्या धुरातूनच ते आलं. यमुनेनं माझा हात धरला. घट्ट. आणि मी तो हिसकून सोडवला आणि पळाले. पाळीवर चढून ओरडले, माणसं धावली, अस्वल गेलं. यमुनेचं डोकं, डावा गाल आणि जबडा फाटला होता. भंडाऱ्याच्या दवाखान्यात महिनाभर होती. गावात मी सांगितलं, मी माणसं बोलवायला धावले. सगळे म्हणाले, वहिनीनं हुशारी केली म्हणून पोर वाचली. यमुनाही मान हलवायची.

निर्मलासमोर यमुना बसली तेव्हा जबड्यामुळे तिचं बोलणं अस्पष्ट होतं, त्यात आवाज बारीक. ती म्हणाली, “मी वहिनीचा हात धरली होती. वहिनीनं सोडवून घेतला.” माझ्याकडे न पाहता म्हणाली. निर्मलानं विचारलं, काय म्हणते? मी म्हटलं, “म्हणते, वहिनी माणसं बोलवायला गेली.” पेन्सिल वहीवर चालली. टेप फिरत होता.

मग उपचार सुरू झाला. पायऱ्या होत्या त्याच्या. आधी पडवीत बसून वाळलेल्या मोहफुलांचा वास घ्यायचा, बोटांत वेढी घालून. सुई खाली येईपर्यंत बसून राहायचं. मग पाचोळ्याचा धूर. मग पाळीवर जाऊन लांबून झाड पाहायचं. मग जवळ. सुई शांत झाल्याशिवाय पुढची पायरी नाही, घाई नाही. बाकीचे लोक हळूहळू पुढे सरकले. यमुना मात्र पहिल्याच पायरीवर अडकली. निर्मला तिच्यासाठी कितीतरी करून पाहत होती. शेवटी तिला वाटलं, विश्वासाचं माणूस जवळ असावं. मला म्हणाली, “सरस्वताबाई, तुम्ही तिच्या बाजूला बसा. तिचा हात धरून ठेवा.”

मी धरला. आठ महिने मी तिचा हात धरून बसले, नंदिनी. एका हातात वेढी, एक हात माझ्या हातात.

निर्मलाच्या वहीत एक गोष्ट आली ती अशी, की मी बाजारला गेले असले त्या दिवशी यमुनेची सुई खाली यायची. मी आले की वर. आधी तिला वाटलं पेटी बिघडली. पेटी उघडून पाहिली, तारा बदलल्या. मग माणसं बदलून पाहिली. देवाजीबुवांना बसवलं, सुई शांत. शाळेतल्या बाईंना बसवलं, शांत. मला बसवलं... मी त्या वेळी यमुनेवरच चिडले, “काहून वं, मी का वाघीण आहो?”

त्याच्यानंतर आठवडाभर निर्मला पडवीत बसून जुन्या टेपा ऐकत होती. वर्ष उलटून गेलं होतं, आता तिचा कान आमच्या बोलीला पुरता सरावला होता. एका दुपारी तिनं मला बोलावलं. टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. यमुनेचा आवाज आला, त्याच्यामागून माझा. दोन्ही तिनं दोनदा लावले. मी म्हटलं, “जबड्याचं बोलणं आहे बाई, मले नीट ऐकू आलं नसन.” ती म्हणाली, “असेल.” एवढंच. मग तिनं पितळेची वेढी माझ्यापुढे ठेवली. जबरदस्ती नाही केली. मी आपणहूनच घातली, कारण मला दाखवायचं होतं की माझी सुई हलत नाही. तिनं पाचोळा नाही पेटवला, मोहफूल नाही आणलं. नुसतं म्हणाली, “पाळीवर पोचल्यावर तुम्ही मागे वळून पाहिलं होतं का?”

सुई शेवटच्या रेघेला जाऊन टेकली. माझं तोंड तेव्हाही ‘नाही’ म्हणत होतं.

मला वाटलं होतं ती हाकलून देईल. वर्षभराचं काम गेलं होतं तिचं. दहा-बारा माणसांची उत्तरं माझ्या तोंडून आलेली, त्यातलं कुठलं खरं धरायचं? पण ती म्हणाली, “चूक माझीही आहे. तुम्ही त्या दिवशी कुठं होता, हे मी तुम्हाला विचारलंच नाही. तुम्ही शहाण्या, सावरलेल्या दिसलात, म्हणून धरून चालले की तुम्हाला काही झालं नाही.” मग तिनं तिचं काम पाहणाऱ्या दिल्लीच्या सरांना पत्र लिहिलं, की वर्षाची टिपणं बाद करून टेपांवरून पुन्हा सगळं उतरवावं लागेल आणि मुदतीत काम होणार नाही. ते पत्र टाकण्याआधी तिनं मला मराठीत वाचून दाखवलं. एकही शब्द मऊ केलेला नव्हता. मला तर ऐकतानाच घाम फुटला.

यमुनेशी बोलायला मला आणखी पंधरा दिवस लागले. निर्मलानं तगादा लावला नाही, फक्त तोपर्यंत यमुनेचं पुढचं काम थांबवून ठेवलं. शेवटी अंगणात धान पाखडता पाखडता मी म्हटलं, “यमुने, त्या दिवशी मी माणसं बोलवाले नाही गेली. मी पळाली.”

तिनं सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, “मले काय सांगून राहिली वहिनी? मी होती ना तिथं.”

“मंग कधी बोलली काहून नाही?”

“तू पळाली त्याचं काही नाही. अस्वलासमोरून कोणीही पळते, मीही पळाली असती. पण तू साऱ्या गावाले दुसरंच सांगतलं, अन मी तीन वर्सं होय, होय म्हणून राहिली. वरून तू रोज माहा हात धरून बसते. मले वाटे, आता सोडवते, आता सोडवते...” मग सूप पाखडत म्हणाली, “त्या पेटीले बरं समजलं, तुले नाही समजलं.”

मला रडू आलं आणि तिला आलं नाही. कोंडा माझ्याकडे उडत होता, तो तिनं मुद्दाम तसा उडवला असंही मला तेव्हा वाटलं. आता विचारलं तर हो म्हणते!

त्याच्यानंतर सगळं झटक्यात बरं झालं असं नाही, आणि तसं लिहिलं तर निर्मला मला माफ करणार नाही. सुई उतरायला अख्खा पावसाळा गेला. पुढच्या चैत्रात आम्ही तिघी पाळीवरून खाली उतरलो. यमुनेनं अट घातली होती, हात धरायचा नाही, आणि वहिनी पुढं चालन, जंगलाच्या अंगानं. मी पुढे चालले. पाय लटपटत होते, ते मी मोठ्यानं सांगत होते, कारण सांगायचं असं ठरलं होतं. झाडाखाली आम्ही थोडा वेळ उभ्या राहिलो, एकही फूल उचललं नाही, आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. फुलं वेचायला यमुना बसली ती त्याच्याही पुढच्या वर्षी, पन्नास वेळा मागे पाहत. अजूनही पाहते. पण जाते.

निर्मलाची मुदत तोपर्यंत संपली होती. जाण्याआधी तिनं विचारलं, “दुभाष्यानं उत्तरं बदलली, हे मला शोधनिबंधात लिहावं लागेल. तुमचं नाव घालत नाही. चालेल का?” मी रात्रभर विचार केला आणि हो म्हटलं. तो छापून आला तेव्हा इंग्रजीत होता. शाळेच्या मास्तरांनी तो परिच्छेद वाचून अर्थ सांगितला. तिनं लिहिलं होतं, की ज्याला आपण न घाबरलेला मानून बाजूला ठेवतो, त्यालाही आधी विचारावं. मास्तर म्हणाले, कोणाबद्दल आहे हो हे? मी म्हटलं, माझ्याबद्दल. मग मात्र गावाला सांगायचं काही उरलं नाही.

त्याच्यानंतर ती दर दोन-तीन वर्षांनी मोह गळायच्या दिवसांत यायची. दोन चैत्रांमागे शेवटची आली. अंगावर मांस नव्हतं. विचारलं तर म्हणाली, बरी आहे. मी उठले, कोनाड्यातली पितळेची वेढी काढली आणि तिच्यापुढे ठेवली. ती वेढी निर्मला गाव सोडताना माझ्याकडेच ठेवून गेली होती. पेटी नव्हती, तारा नव्हत्या, नुसती वेढी. तिनं ती बोटांत घातली, थोडी हसली, आणि मग सांगितलं. गाठ आहे, पोटात. फार नाही राहिलं. एवढ्या माणसांची भीती मोजली, पण स्वतःच्या भीतीला पायऱ्या कशा करायच्या ते कळत नाही, म्हणाली. मी म्हटलं, बोलवाल तेव्हा येईन.

यंदाच्या दिवाळीनंतर तिचं पत्र आलं. ‘जमलं तर या. आठवडाभर बसून राहा नुसतं.’ मी उत्तर पाठवलं की गुडघे धरले आहेत, गाडीत चढवत नाही. गुडघे धरलेले होतेच. पण त्याच गुडघ्यांनी मी त्या आठवड्यात धानाच्या बांधीवर तीनदा गेले होते. मला तिच्याजवळ बसायचा भेव वाटला, नंदिनी. कार्डावर तो लिहिला नाही. कार्ड टाकून आले तेव्हा यमुनेनं विचारलं, “काय लिवली?” मी सांगितलं. ती म्हणाली, “पुन्हा सोडवला का हात?” आणि आत निघून गेली.

म्हणून तुझ्या तीन ओळी वाचून मला राग आला, तो खरं तर तुझ्यावर कमी होता. पौषानंतर मी कोणाचंही पत्र लिहायला बसले की आधी ती वेढी बोटांत घालते. ती कशालाच जोडलेली नाहीत, सुई नाही, काही नाही. समोरची आई रडायला लागली की मी विचारते, हे असंच लिहू? आणि हो म्हणाली तर तसंच लिहिते. हा लेखही तशीच लिहिते आहे. पितळ गार असतं, थोड्या वेळानं बोटाएवढं गरम होतं.

आता तू ये. पत्र नको, ये. चैत्र फार लांब नाही, साकोलीला उतर, यमुना आणि मी दोघी घ्यायला येऊ. झाडाखाली बसू, आणि शेवटी त्रास झाला नाही असं जे तू लिहिलंस, ते सगळं मला पहिल्यापासून सांग, झाला असेल तसा. आणि तिचा हात तेव्हा कोणाच्या हातात होता का, ते आधी सांग. नसेल तरी सांग. मी वेढी घालून ऐकेन. लवकर ये गं पोरी.